अस्त्र परत घेण्याची विद्या

लहानपणी तालमीतून मातीने माखून घरी आलो, की आई कपाळाला हात लावून म्हणत असे, "काय हा अवतार!" इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात हा शब्द विष्णूच्या दहा अवतारांपेक्षा माझ्या मळक्या सदऱ्यालाच अधिक वेळा लागला असेल. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत तेरा वर्षांच्या नातवाने "नाना, चला, अ‍ॅव्हटार बघू या" असे म्हटले, तेव्हा आपल्याच घरातील माणूस परदेशी पोशाख करून दारात उभे राहावे तसे मला वाटले. नातवाचा उच्चार सुधारावा एवढ्याच हेतूने मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मालिका संपेपर्यंत मी तेथून उठलो नाही, हे मला प्रारंभीच कबूल केले पाहिजे.

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन चलच्चित्रमालिका. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीएट्झको या दोघांनी ती निर्माण केली. निकलोडियन वाहिनीवर 21 फेब्रुवारी 2005 रोजी तिचा आरंभ झाला आणि 19 जुलै 2008 रोजी ती संपली. तीन पर्वे, एकंदर 61 भाग. मुलांसाठी केलेली मालिका म्हणजे धडाधड मारामारी, डोळे दिपविणारा उजेड आणि किंकाळ्या, असा माझा ग्रह होता. तो अगदीच निराधार होता असेही नाही. याच नातवाने पूर्वी मला 'ड्रॅगन बॉल झेड' ही जपानी मालिका दाखविली होती. तीत योद्ध्याचे बळ डोळ्यावर लावलेल्या एका यंत्रात आकड्यांनी मोजले जाते. ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो, मग हरणारा आणखी मोठा आकडा घेऊन परत येतो. दिवाळीच्या आतषबाजीसारखी तिचीही एक गंमत आहे, ती मी नाकारीत नाही. पण आतषबाजी पाहून झाल्यावर मनात काही उरत नाही.

आमच्या पिढीला अद्भुताचे वावडे होते असे मात्र नाही. आम्ही 'चांदोबा' वाचून वाढलो. 1987 साली रामानंद सागर यांचे रामायण दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नसे. दोन बाण आकाशात समोरासमोर येत, क्षणभर थबकत आणि एक दुसऱ्याला गिळून टाकी. अग्नीच्या बाणाला पाण्याचा बाण हे उत्तर ठरलेले असे. आम्ही हात जोडून पाहत होतो, पण ते बळ कोठून आले, धनुर्धराच्या देहातून ते कसे वाहते, त्याची किंमत काय, हे त्या पडद्यावर फारसे दिसत नव्हते. डोळे मिटले, ओठ हलले, बाण सुटला, संपले.

या अमेरिकन मालिकेने मला धरून ठेवले ते नेमके येथे. तिच्या जगात पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार महाभूतांची चार राष्ट्रे आहेत. काही माणसांना आपापले महाभूत हालवता येते. या विद्येला 'बेंडिंग' म्हणतात. मराठीत मी तिला 'वळविणे' म्हणेन, कारण माणूस येथे बहुधा काही निर्माण करीत नाही, जे आहे त्याला वळण देतो. अग्नीवाले तेवढे अपवाद, ते आपल्या श्वासातून ज्वाळा काढतात. बाकीच्यांना समोर काहीतरी असावे लागते. म्हणून पाणीवाली कटारा कमरेला पाण्याची पिशवी बांधून हिंडते आणि वाळवंटात अगतिक होते. पृथ्वीवाल्यांना कैदेत ठेवायचे, तर समुद्रात उभारलेल्या लोखंडी तळावर नेऊन ठेवतात, तेथे ना माती ना दगड. पौर्णिमेला पाणीवाल्यांचे बळ वाढते. खग्रास सूर्यग्रहणात अग्नीवाल्यांची विद्या आठ मिनिटे नाहीशी होते. सारी हयात शासकीय नियमावलीत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा किती आनंद झाला असेल, हे वाचकांनी ताडून घ्यावे. प्रत्येक अधिकाराला त्याचे कार्यक्षेत्र आहे आणि कार्यक्षेत्राबाहेर तो शून्य आहे, हे तत्त्व मंत्रालयातही इतक्या काटेकोरपणे पाळलेले मी पाहिले नाही.

दुसरी गोष्ट देहाची. ही वळविण्याची विद्या केवळ हात उंचावून साधत नाही. निर्मात्यांनी सिफू किसू नावाच्या युद्धकलेच्या जाणकाराला सल्लागार नेमले आणि प्रत्येक महाभूताला चीनमधील एकेक खरी परंपरा दिली. पाण्याला ताय ची, तिच्या संथ, एकमेकींत मिसळणाऱ्या हालचाली आणि ओढण्या-लोटण्याचा तोल. पृथ्वीला हुंग गार, पाय रोवून घेतलेला भक्कम पवित्रा. अग्नीला उत्तर शाओलिन, पुढे झेपावणारे हातपाय. वायूला बाग्वा, वर्तुळात फिरत राहणारी पावले, समोरच्याच्या माऱ्यातून निसटणारी. कथेचा नायक आंग हा वायूवाला बारा वर्षांचा मुलगा संकट आले की प्रथम बाजूला सरतो. संधी असूनही तो चटकन मारीत नाही. पुढे त्याला पृथ्वीची विद्या शिकताना सर्वांत अधिक त्रास होतो, कारण तेथे बाजूला सरून चालत नाही, उभे राहावे लागते. हालचाल हाच स्वभाव आणि स्वभाव हीच लढाई, असे हे गणित आहे.

मला आमच्या तालमीतले वस्ताद आठवले. एखादा दांडगा पोरगा नुसत्या ताकदीवर कुस्ती मारू पाहू लागला, की ते आखाड्याच्या कडेवरून ओरडत, "अरे, त्याच्या दंडाकडे काय बघतोस? पाय कुठे आहे ते बघ!" बळ दिसते दंडात, पण असते तळपायात. मालिकेतील टॉफ ही आंधळी मुलगी अनवाणी चालते आणि जमिनीतील कंपनांवरून सारे जग 'पाहते'. तिच्यासाठी निर्मात्यांनी हुंग गार सोडून दक्षिणेकडील प्रार्थनाकीटक शैली निवडली. तिच्यातील बारीक, अचूक पदन्यास या मुलीला शोभून दिसतात. तिला लोखंडी पेटीत कोंडतात, तेव्हा लोखंडातही मातीचा अंश उरलेला आहे हे तिच्या तळव्यांना आणि तळहातांना उमगते आणि ती धातू वाकविते. वस्ताद असते तर त्यांनी तिला नारळ दिला असता.

हालचाल आणि परिणाम यांचे हे नाते किती नाजूक आहे, याचा पडताळा 2010 साली आला. एम. नाइट श्यामलन यांनी या कथेवर जिवंत नटांचा चित्रपट काढला. त्यातील एका प्रसंगात सहा धडधाकट माणसे बराच वेळ हातपाय झाडतात आणि अखेर एक बेताचा दगड हवेतून तरंगत जातो. नातवाने मला तो तुकडा मुद्दाम दाखविला, आणि आम्ही दोघेही हसलो. अद्भुतालाही हिशेब लागतो. श्रम आणि फळ यांचा मेळ सुटला की अद्भुताचे हसे होते.

तिसरी गोष्ट उगमाची. या जगात पहिली विद्या माणसाने माणसाकडून घेतलेली नाही. पाणीवाल्यांनी ती चंद्राकडून घेतली, पृथ्वीवाल्यांनी बिळे खणणाऱ्या आंधळ्या प्राण्यांकडून, वायूवाल्यांनी उडणाऱ्या गव्यांकडून आणि अग्नीवाल्यांनी ड्रॅगनांकडून. एकनाथी भागवतातील यदु-अवधूत संवाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. अवधूताने पृथ्वी, वायू, जल, अग्नी, चंद्र यांपासून थेट कबुतरापर्यंत चोवीस गुरू केले होते. अमेरिकेतल्या दोन तरुणांनी अवधूताची कथा वाचली असेल असे मी म्हणत नाही, पण मालिकेत एक वृद्ध 'गुरू' आंगला सप्तचक्रांची ओळख करून देतो, तेव्हा ही ओढ आपल्याकडची आहे एवढे निश्चित कळते.

या उगमाचा प्रश्न झुकोच्या कथेत टोकाला जातो. झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. युद्धमसलतीत एका सेनापतीने कोवळ्या नवशिक्या शिपायांची तुकडी बळी देण्याची योजना मांडली, तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा मध्येच बोलला. शिक्षा म्हणून त्याला द्वंद्वाला उभे केले, आणि समोर आला तो प्रत्यक्ष बाप. मुलगा लढला नाही, गुडघ्यांवर बसून त्याने क्षमा मागितली. बापाने त्याचे तोंड जाळले. मुलांच्या वाहिनीवर रक्त सहसा दाखवीत नाहीत. येथेही आगीचे लोळ बहुतेक वेळा कोणाला न भाजता निघून जातात, पण हा एक डाग मात्र तिन्ही पर्वे आपल्या डोळ्यांसमोर राहतो. पुढे झुको पश्चात्ताप पावून आंगच्या बाजूला येतो, आणि येताच त्याची ज्वाळा मंदावते. आजवर ती रागावर जळत होती. राग गेला, इंधन गेले. मग त्याला एका प्राचीन नगरीच्या अवशेषांत जाऊन अग्नीचा दुसरा अर्थ शिकावा लागतो. अग्नी ऊब आहे, प्राण आहे, हे त्याला शेवटचे दोन ड्रॅगन शिकवितात. हा भाग संपल्यावर मी नातवाला दिवा लावायला सांगितले आणि काही वेळ तसाच बसलो. राग हे अधिकाराचे सोयीस्कर इंधन आहे, हे मला चांगले ठाऊक आहे.

मालिकेतील सर्वांत भयंकर विद्या रक्त वळविण्याची आहे. माणसाच्या देहात पाणी आहे, तेव्हा पौर्णिमेच्या रात्री पाणीवाला दुसऱ्याचा देहच कळसूत्री बाहुलीसारखा हालवू शकतो. हामा नावाच्या वृद्धेने ती अग्निराष्ट्राच्या तुरुंगात शोधून काढली. आधी पिंजऱ्याभोवतीच्या उंदरांवर, मग पहारेकऱ्यांवर. अन्यायातून जन्मलेली ही विद्या सुटका झाल्यावरही थांबत नाही, निरपराध गावकऱ्यांवर सूड उगवीत राहते. तिला आवरण्यासाठी कटाराला तीच विद्या वापरावी लागते. हामा पकडली जाते, पण आपले काम झाले असे समाधानाने म्हणून जाते, कारण विद्या पुढच्या पिढीत उतरली आहे. कटारा रडते. मुलांच्या मालिकेत नायिका जिंकते आणि जिंकली म्हणून रडते, हे मी प्रथमच पाहिले.

पुढे कटारा आपल्या आईच्या मारेकऱ्याच्या शोधात निघते. मुलीला वाचविण्यासाठी आईने "पाणीवाली मीच" असे खोटे सांगून मरण पत्करले होते. पावसात तो मारेकरी समोर येतो. आता तो एक केविलवाणा म्हातारा झाला आहे. कटारा पडता पाऊस हवेत थांबविते, त्याचे बर्फाचे भाले करून त्याच्यावर सोडते, आणि ते त्याच्या अंगाला लागण्याआधी थांबतात. बर्फाचे पाणी होऊन खाली पडते. परतल्यावर ती स्पष्ट सांगते, की त्या माणसाला तिने क्षमा केलेली नाही. येथे लेखकांनी स्वस्त तडजोड केली नाही. क्षमा न करताही हात आवरता येतो.

अखेरच्या युद्धात आंग आणि अग्निराज ओझाई समोरासमोर येतात. वीज अंगावर घेऊन ती एका हाताने आत आणि दुसऱ्याने बाहेर काढण्याची युक्ती आंगला अवगत आहे. झुकोच्या चुलत्याने, आयरोने, ती पाणीवाल्यांची लढत पाहून शोधली होती. वीज हृदयातून जाऊ न देता पोटातून फिरवायची असते. ओझाईचीच वीज आंगच्या बोटांत येते. समोर ओझाई निरुत्तर उभा. एक क्षण, आणि आंग ती आकाशात सोडून देतो. नंतर आंगच्या अंगी साऱ्या पूर्वावतारांचे सामर्थ्य येते. शेवटचा घाव उगारलेला असतो, आणि तोही तो थांबवितो. तिकडे झुको आणि त्याची बहीण अझुला यांचे द्वंद्व चालू असते, आणि तेथे रणवाद्यांऐवजी संथ, शोकाचे संगीत ऐकू येते. भाऊबहिणींच्या लढाईत जय कोणाचा होणार, असे ते संगीत विचारीतच नाही.

नातू वैतागला होता. त्याने हे पूर्वी दोनदा पाहिले होते. "नाना, त्याला तिथेच संपवायला पाहिजे होतं ना?"

मी त्याला सौप्तिक पर्वातील कथा सांगितली. अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, उत्तरादाखल अर्जुनही सोडतो. दोन्ही अस्त्रांच्या मध्ये व्यास आणि नारद येऊन उभे राहतात आणि दोघांनाही अस्त्रे मागे घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही. सोडण्याची विद्या त्याच्याकडे होती, परत घेण्याला लागणारा संयम नव्हता. म्हणून ते अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जाऊन पडते. दोघांचा गुरू एक, अस्त्र एक. फरक एवढाच होता.

नातवाने थोडा विचार केला आणि विचारले, "तुम्ही एवढे मोठे ऑफिसर होता. तुमच्याकडे पण पॉवर होती. तुम्ही कधी परत घेतली?"

1992 साली मी माळव्यातील एका तहसिलीच्या गावी उपविभागीय अधिकारी होतो. जून महिन्यात एका खेड्यात महसूल शिबिर भरले होते. एका शेतकऱ्याने शेताच्या बांधाची तक्रार केली, आणि त्या हलक्याचा पटवारी आपला बस्ता न घेताच उभा राहिला. दप्तर नाही, खसरा नाही, नकाशा नाही. तो काहीतरी सांगू लागला. मी त्याला बोलू दिले नाही. ऊन कडक होते, शंभर-दीडशे माणसे पाहत होती. मी तेथल्या तेथे लघुलेखकाला निलंबनाचा आदेश सांगितला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांनी दबक्या आवाजात सांगितले, की त्याचा बस्ता दिवाणी न्यायालयाने समन्स काढून जमा करून घेतला होता, आणि न्यायालयाची पावती त्या वेळी त्याच्या खिशातच होती. त्याच क्षणी दोन ओळी लिहून मी त्याला बहाल करू शकलो असतो. अधिकार माझाच होता. पण ज्या गावाने टाळ्या वाजविल्या तेच गाव हसेल, असे मला वाटले. "चौकशी होऊ द्या," असे मी म्हणालो. चौकशी सात महिने चालली. तो निर्दोष ठरला आणि कामावर आला. त्या सात महिन्यांत निर्वाह भत्त्यावर घर चालेना, म्हणून त्याने शहरात शिकणाऱ्या मुलाला परत गावी आणले होते, हे मला फार उशिरा कळले. पुढे एकदोनदा तो भेटला. "रामराम साहेब" म्हणाला. मीही रामराम म्हणालो. त्यापलीकडे काही बोललो नाही.

हे सारे मी नातवाला सांगितले. घरात यापूर्वी कोणालाही सांगितले नव्हते.

"मग तुम्ही सॉरी म्हणालात?"

"नाही."

तो गप्प राहिला. मुलांच्या गप्प राहण्यात एक निवाडा असतो, त्यावर अपील नाही.

या मालिकेत एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. आंग ओझाईला मारीत नाही, तर त्याची विद्याच काढून घेतो. ही युक्ती त्याला अगदी शेवटी एका प्राचीन, बेटाएवढ्या सिंहकूर्माकडून मिळते. मारावे की न मारावे हा पेच इतका खरा आहे, की त्यातून सुटण्याची वाट अशी आयती मिळाल्याने थोडी रुखरुख लागते. खऱ्या आयुष्यात कोणी सिंहकूर्म भेटत नाही. तेथे ज्याला थांबायचे असते त्याला टाळ्यांच्या मध्यावर, घामेजलेल्या अंगाने, आपला आपणच थांबावे लागते. आणि नाही थांबता आले, तर वर्षानुवर्षे त्या अस्त्राच्या मागोमाग चालत राहावे लागते.

तरीही मी म्हणेन, की आपल्या नातवंडांबरोबर ही मालिका पाहावी. बळाचे चित्रण बळ किती मोठे यावरून जोखू नये. ते कोठून येते, देहातून कसे वाहते, त्याची सीमा कोठे आहे आणि ते आवरणारा हात कसा दिसतो, हे जे चित्र दाखविते ते मुलांना काहीतरी देऊन जाते. म्हाताऱ्यांनाही देते, असा माझा अनुभव आहे.

दोनतीन ठिकाणी दूरध्वनी केल्यावर त्या पटवाऱ्याचा पत्ता लागला. तो त्याच गावी मुलाकडे असतो. मुलगा शेती करतो. मी येतो आहे असे निरोपात सांगितले आहे, कशासाठी ते सांगितलेले नाही. त्याने क्षमा करावी अशी अपेक्षा घेऊन मी जात नाही. कटाराने केली नव्हती, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही. रविवारी सकाळच्या बसने निघायचे आहे. नातू म्हणाला, "नाना, मीपण येतो." मी हो म्हटले आहे.